लीज बांधलं, तरी एक पोरगा हाताने आयपी टाकून आत येतोच

अभ्यासिकावाला:
सदाशिव पेठेत माझी ४२ खुर्च्यांची अभ्यासिका आहे. वाय-फाय फीमध्येच. पासवर्ड एकाला दिला की खालच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मायक्रोटिक राउटरवर प्रत्येकाच्या लॅपटॉपचं लीज (राउटरने दिलेला आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता) 'मेक स्टॅटिक' करून पक्कं केलं आणि ॲड्रेस पूल 'स्टॅटिक-ओन्ली' ठेवला, म्हणजे नोंद नसलेल्याला पत्ताच मिळू नये. ४२ मॅक ॲड्रेस (प्रत्येक लॅपटॉपच्या वाय-फायचा ओळख क्रमांक) वहीत उतरवलेत. बायको म्हणते, तूही परीक्षेलाच बसलायस. तरी काल एका पोराने हाताने १९२.१६८.८८.१० टाकला आणि नेट सुरू! तो पत्ता एनव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याचा. राउटरमधल्या पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीने दिला नसताना हा शिरला कसा?

केबलकाका:
डीएचसीपी मागेल त्याला पत्ता देतो, बस. न मागता कुणी घेतला तर डीएचसीपीला ते कळतही नाही. डीएचसीपी सर्व्हरमध्ये 'ॲड एआरपी फॉर लीजेस'वर टिक करा, एनव्हीआरसारख्या हाताने आयपी दिलेल्यांची एआरपी नोंद (कुठला आयपी कुठल्या मॅकचा) स्वतः घाला, आणि सगळ्यात शेवटी ब्रिजचं (राउटरचे पोर्ट एका नेटवर्कमध्ये जोडणारा भाग) एआरपी 'रिप्लाय-ओन्ली' करा. आयपी-मॅकची जोडी जुळली नाही तर राउटर त्याच्याशी बोलणारच नाही. त्याआधी सेफ मोड चालू करा, म्हणजे राउटरशी जोडणी तुटली तर बदल आपोआप मागे जातात. मी एका दवाखान्यात उलट्या क्रमाने केलं आणि राउटरने मलाच बाहेर ठेवलं. विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकची सेटिंग करायचं ॲप) आयपीऐवजी मॅकवर क्लिक करून कसाबसा आत आलो.

अभ्यासिकावाला:
काका, पोराचं नेट गेलं! पण त्याने तोच आयपी ठेवलाय आणि ऑफिसच्या पीसीवर कॅमेरे अजून अधूनमधून गायब होतात.

रात्रपाळी:
होणारच. पीसी आणि एनव्हीआर एकाच नेटवर्कमध्ये आहेत, त्यांचं बोलणं राउटरला न विचारता स्विचवरच होतं, आणि तिथे एकाच आयपीचे दोघे भांडतायत. एनव्हीआर आणि पीसी ब्रिजमधून काढून वेगळ्या पोर्टवर, वेगळ्या सबनेटमध्ये (पत्त्यांच्या वेगळ्या गटात) टाका. मुलांकडून तिकडे जाणारी वाट फायरवॉलमध्ये बंद.
आणि मॅकवर फार विसंबू नका, दुसऱ्याचा मॅक लावणं दोन मिनिटांचं काम. फोन नोंदवणार असाल तर अँड्रॉइड १० पासून फोन बनावट मॅक दाखवतात. मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा तसलाच.

अभ्यासिकावाला:
वहीत बघितलं, तसे सात निघाले. लॅपटॉप म्हणून फोनच नोंदवून गेलेत पठ्ठे. एनव्हीआर आणि पीसी आज रात्री अकरानंतर हलवतो, तोवर मुलं असतात.