मदत हवी आहे: गोल चेहऱ्याला कोणता फेड शोभंल?
भावांनो, पुढच्या रविवारी परभणीत बहिणीचं लग्न आहे, फेड (बाजूचे केस खाली बारीक अन् वर हळूहळू मोठे ठेवायची कटिंग) मारायचाय पण कोणता ते ठरंना. चेहरा गोल, केस दाट अन् राठ, डाव्या कानामागं लहानपणीच्या टाक्यांची दोन बोटं लांब खूण आहे. मागच्या टायमाला नुसतं फेड मारा म्हणलो तर बाजूनं डायरेक्ट झिरो मशीन फिरवली, सगळी खूण उघडी पडली, लै वाईट वाटलं.

हाय फेडनं, म्हणजे बाजूनं पार वरपर्यंत बारीक केल्यानं, गोल चेहरा जरा लांबट दिसतो पण मग खूण झाकत नाही, म्हणून लो फेड (फक्त खाली कानाजवळ बारीक), खाली मशीनचा १ नंबर म्हणजे ३ मिमी अन् त्याच्यावर २ नंबर म्हणजे ६ मिमी असं सांगायचा विचार करायलोय. वर किती केस ठेवू? अन् लग्नाच्या किती दिवस आधी कटिंग करू? कुणी केला असंल तर सांगा.