मदत हवी आहे: अभिरूप विधानसभेत अर्थसंकल्प १४-१४ वर अडलाय, आता अध्यक्षांनी काय करायचं?

नमस्कार मंडळी,

नागपुरात महाल भागात एका मंडळाची अभ्यासिका आहे. तिथे दर रविवारी सकाळी मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यव्यवस्था आणि अर्थव्यवस्था शिकवतो. माझ्या नोकरीची एकतीस वर्षं सरकारी लेखा शाखेत गेली. मंजूर झालेला पैसा पुढे कसा जातो, कुठे थांबतो, ते मी रोज पाहिलं आहे. मंजूर होण्याआधी सभागृहात जे घडतं ते मात्र पुस्तकापुरतंच ठाऊक आहे, आणि नेमका तिथेच अडलोय.

हिवाळी अधिवेशन तोंडावर आलंय. आमच्या मुलांना अधिवेशन म्हणजे सिव्हिल लाइन्सचे कठडे, यशवंत स्टेडियमवरून निघणारे मोर्चे आणि बर्डीवर अडकलेली बस एवढंच माहीत. त्या दोन आठवड्यांत विधानभवनात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मंजूर होतात आणि त्यातून हजारो कोटींचे मार्ग ठरतात, हे त्यांना समजावं म्हणून आम्ही अभिरूप विधानसभा भरवली. २९ मुलं होती. एक जण सचिव झाला, उरलेल्यांच्या चिठ्ठ्या टाकून १४ सत्ताधारी आणि १४ विरोधक केले. अध्यक्ष मी.

सतरंजीवर १०० चिंचोके ओतले. हा राज्याचा महसूल. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जाचं व्याज यांतच निम्म्याहून जास्त रक्कम जाते, म्हणून सुरुवातीलाच ५५ चिंचोके एका वाटीत टाकून वाटी बाजूला सरकवली. मुलं उरलेल्या ढिगाकडे बघायचं सोडून त्या वाटीकडेच बघत राहिली. मग ४५ मध्ये सगळं बसवायचं: शाळा, दवाखाने, रस्ते, सिंचन, पोलीस, पोषण आहार. सत्ताधाऱ्यांनी महिलांच्या खात्यात थेट रक्कम देण्यासाठी १२ चिंचोके मागितले, सिंचनाला ६. विरोधकांनी कपात सूचना आणली: १२ मधले ६ कमी करा आणि सिंचनाला द्या.

विरोधकांची नेता भिवापूरकडची मुलगी आहे. एरवी वर्गात फारशी बोलत नाही. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं जी. माझ्या बाबाचं अर्धं आयुष्य कालव्याची वाट पाहण्यात गेलं. दरवर्षी म्हणतात, यंदा पैसा कमी आहे. मग हा पैसा कुठून येऊन राहिला?" सभागृह चिडीचूप. समोरून एक मुलगा उठला. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. तो म्हणाला, "या अभ्यासिकेची फी माझी आई लाडकी बहीण योजनेच्या त्याच दीड हजारातून देते. ते कापले तर मी इथे उभाच नसतो."

मतदान झालं. १४ विरुद्ध १४. निर्णायक मत माझं. मला ते देता आलं नाही. दोघांचंही खरं होतं, आणि नियम काय सांगतो तेही पक्कं माहीत नव्हतं. सभागृह पुढच्या रविवारपर्यंत तहकूब केलं.

पुढच्या रविवारी मुलं आली ती दोन रांगांत बसली. चहाही दोन टोळक्यांत. व्हॉट्सॲपवर दोन वेगळे गट झाल्याचं सचिवाने सांगितलं. वर्षभर एकाच डब्यातली भाजी खाणारी ही मुलं आहेत. मला त्यांची काळजी वाटतेय आणि या प्रश्नाचीही. "जाऊ द्या, खेळच होता" म्हणून हे मिटवायचं नाही. शेवट खऱ्या नियमाने व्हावा. म्हणून विचारतो:

कपात सूचनेवर समसमान मतं पडली तर अध्यक्षाने आपलं मत कोणत्या बाजूने द्यायचं, याची काही परंपरा आहे का? कपात मंजूर झालीच असती तर पुढे काय? सरकार पडतं की नुसता आकडा बदलतो?

आणि एका मुलाने विचारलं, "अमेरिकेत २०२५ मध्ये खर्चाला मंजुरी नाही म्हणून ४३ दिवस सरकार बंद होतं. आपल्याकडे कधीच का नाही झालं?" मी अर्धवट उत्तर दिलं. ते पूर्ण करायला मदत करा.

— चिंचोके

प्रतिसाद: कलम२०३

काका, आधी एक दुरुस्ती. तुमच्या विरोधकांची सूचना जशी मांडली तशी दाखलच होऊ शकत नाही. संविधानाच्या कलम २०३ प्रमाणे विधानसभा अनुदानाची मागणी (खात्याने खर्चासाठी मागितलेली रक्कम) मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मागणी मांडताच येत नाही, म्हणजे खर्चाचा प्रस्ताव फक्त सरकारच आणू शकतं. त्यामुळे "६ कापा" एवढंच म्हणता येईल, "सिंचनाला द्या" हे भाषणात सांगायचं. लोकसभेच्या नियमांत कपातीचे तीन प्रकार आहेत: धोरण पसंत नसेल तर मागणी १ रुपयावर आणा म्हणायचं, काटकसर हवी असेल तर ठरावीक रक्कम कमी करा म्हणायचं, आणि एखादं गाऱ्हाणं मांडायचं असेल तर १०० रुपयांची प्रतीकात्मक कपात. तुमच्या मुलीला खरं तर तिसरा प्रकार हवा होता.

आता मताचं. कलम १८९ प्रमाणे अध्यक्ष आधी मत देत नाहीत, समसमान झाल्यावरच देतात. कोणत्या बाजूने द्यायचं हे संविधान सांगत नाही. ब्रिटिश संसदेतून आलेली परंपरा अशी की अध्यक्षाच्या एकट्याच्या मताने बदल घडू नये, आहे ते कायम राहावं आणि पुढच्या चर्चेला वाव राहावा. म्हणजे तुम्ही कपातीच्या विरोधात मत द्यायचं. त्याचा अर्थ तुम्ही सरकारच्या बाजूचे असा होत नाही. कपातीला बहुमत मिळालं नाही, एवढाच होतो. हे मुलांना मत देण्याआधी सांगा.

कपात मंजूर झाली असती तर सरकारने सभागृहाचा विश्वास गमावला असं मानतात, आणि संकेत राजीनाम्याचा आहे. अमेरिकेच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. आपल्याकडे पैसा अडला की सरकार जातं. तिथे राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी असतात, खर्चाचं विधेयक पडलं तरी ते जात नाहीत. सिनेटमध्ये १०० सदस्य आहेत आणि अशा विधेयकावरची चर्चा थांबवून मतदान घ्यायला सहसा ६० मतं लागतात, म्हणून दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्ष एकाच पक्षाचे असूनही २०२५ मध्ये अडलं. वाद आरोग्य विम्याच्या हप्त्यावरच्या सवलतीचा होता. १ ऑक्टोबरला नवं आर्थिक वर्ष लागलं, मंजुरी नव्हती, आणि १२ नोव्हेंबरपर्यंत विमानतळावरचे हवाई वाहतूक नियंत्रकसुद्धा बिनपगारी कामावर होते. त्याआधीचा सर्वांत लांब खोळंबा २०१८-१९ चा, ३५ दिवसांचा, मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या पैशावरून.

प्रतिसाद: जुना वार्ताहर

आपल्याकडे कधीच झालं नाही, एवढंच सांगू नका. अगदी जवळ जाऊन आलोय.

१७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मताने पडलं. अर्थसंकल्प मंजूर व्हायचा होता. पुढच्या काही दिवसांत, ज्यांनी सरकार पाडलं त्यांनीही तो चर्चेविना मंजूर होऊ दिला. भांडण निवडणुकीत, पगार वेळेवर. मुलांना ही गोष्ट सांगाच.

उलट उदाहरण उत्तराखंडचं. १८ मार्च २०१६ ला विनियोजन विधेयकावर, म्हणजे तिजोरीतून पैसा काढायची परवानगी देणाऱ्या विधेयकावर, सत्ताधारी काँग्रेसचे नऊ आमदार फुटले. विरोधक मतविभाजन, म्हणजे मोजून मतदान, मागत होते, अध्यक्षांनी आवाजी मतदानाने विधेयक मंजूर झाल्याचं जाहीर केलं. २७ मार्चला राष्ट्रपती राजवट लागली आणि १ एप्रिलपासून खर्च करता यावा म्हणून केंद्राला अध्यादेश काढावा लागला. अध्यक्षाच्या खुर्चीवर किती भार असतो ते यातून दिसतं, काका. तुम्ही घाईने मत दिलं नाहीत ते बरं केलंत.

प्रतिसाद: वैनगंगा

त्या भिवापूरच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. मी पवनीची. गोसीखुर्दचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झालं, मूळ खर्च ३७२ कोटी. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. एव्हाना खर्च अनेक पटींनी वाढला. पैसा कमी पडला म्हणून काम लांबलं, काम लांबलं म्हणून खर्च वाढला. या सगळ्या वर्षांत सरकारं सगळ्या पक्षांची आली. तिला कोणा एका पक्षावर राग धरू देऊ नका, आकड्यांवर धरू द्या.

अनुशेषाचं, म्हणजे मागे राहिलेल्या भागांच्या विकासाच्या तुटीचं, वाचायला द्या: दांडेकर समिती (अहवाल १९८४), केळकर समिती (अहवाल २०१३), कलम ३७१(२) खालची विकास मंडळं. ती १९९४ मध्ये आली आणि ३० एप्रिल २०२० ला मुदत संपून थांबली.

आणि त्या मुलाच्या आईच्या दीड हजाराचेही आकडे ठेवा. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासूनची. पहिल्या वर्षी ४६,००० कोटींची घोषणा होती, २०२५-२६ ला तरतूद ३६,००० कोटी. दोन्ही मुलांनी एकमेकांच्या विषयावर बोलावं असं करता येईल का? तिने खात्यातल्या रकमेची बाजू मांडायची, त्याने कालव्याची.

प्रतिसाद: साधा करदाता

कशाला मुलांना राजकारणात ओढता? परीक्षेचं शिकवा की.

प्रतिसाद: चिंचोके (धागाकर्ता)

करदाता साहेब, ही मुलं उद्या अधिकारी झाली तर कोणाच्या गावचं काम आधी आणि कोणाचं नंतर, हे यांच्याच सहीने ठरणार आहे. आत्ता चिंचोक्यांवर भांडलेली बरी.

कलम२०३, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावतो. वैनगंगाताई, बाजू बदलण्याची सूचना फारच आवडली. करणार.

तुमचं सगळं वाचून अमेरिकेच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग मला माझ्याच नोकरीत सापडला. आपल्याकडे सभागृहात अडत नाही, कारण बहुमत असतंच आणि पक्षादेश मोडला तर आमदारकी जाते. भांडण संपत मात्र नाही. ते मंजुरीनंतरच्या टप्प्यात उतरतं, जिथे प्रेक्षक गॅलरी नसते. तरतूद पूर्ण आणि वितरण अर्धंच, हे मी दरवर्षी पाहिलं. करोनात तर ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने तरतुदीच्या ३३ टक्क्यांपर्यंतच खर्चाची मर्यादा आली होती. ते संकट होतं, समजू शकतो. पण जुलै २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर आधीच्या सरकारच्या मंजूर कामांना स्थगिती मिळाली आणि प्रकरणं उच्च न्यायालयात गेली. त्या कामांचे पैसे सभागृहाने रीतसर मंजूर केले होते. कागदावर काहीच बंद पडलं नव्हतं, गावात रस्ता मात्र थांबला.

एका ३१ मार्चची रात्र अजून डोळ्यांपुढे आहे. बीडीएसवर (निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर) एका वसतिगृहाचा निधी रात्री आठनंतर दिसला. अधीक्षक बाई देयकाची फाइल पदराखाली धरून दुपारपासून बाकावर बसल्या होत्या. किराणा दुकानदाराची चार महिन्यांची उधारी होती. बाराच्या आत देयक पारित झालं, तेव्हा त्यांनी आधी दुकानदाराला फोन लावला. त्या वर्षी त्यांचं झालं. बाकावर आणखी तिघे होते, त्यांचं नाही झालं.

म्हणून येत्या रविवारी असं ठरवलंय. कपातीच्या विरोधात मत देईन, कारण सांगून. मग दोन महिन्यांचं लेखानुदान (पूर्ण मंजुरी होईपर्यंतच्या खर्चाची आगाऊ परवानगी) मांडायला लावीन, म्हणजे पगार चालू राहतील आणि चर्चाही उघडी राहील. बाजू बदलून पुन्हा वाद. आणि शेवटी एक नवा टप्पा: मंजूर झालेले चिंचोके थेट वाटायचे नाहीत, सचिवाच्या हाती द्यायचे आणि प्रत्येकाने जाऊन मागायचे. बाक आणून ठेवतोय.

दोन गोष्टी अजून हव्यात. कोणाकडे गेल्या हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांचं पुस्तक असेल तर दोन दिवसांसाठी द्यावं, पानं झेरॉक्स करून परत करीन. आणि जुना वार्ताहर, आपण नागपुरात असाल तर रविवारी सकाळी नऊला अध्यक्षांच्या खुर्चीवर बसाल का? मला विरोधकांच्या रांगेत एक जागा भरायची आहे, भिवापूरच्या मुलीला त्या दिवशी कालव्याच्या कामासाठी बाबांसोबत तहसीलमध्ये थांबावं लागलं तर.

प्रतिसाद: जुना वार्ताहर

येतो. पुस्तक माझ्याकडे आहे, सोबत आणतो. पण रविवारी तहसील बंद असते काका, ती येईलच.

प्रतिसाद: चिंचोके (धागाकर्ता)

बरोबर. घाईत लिहून गेलो. मग तिची जागा तिलाच.