जानेवारीत कॅम्पर व्हॅनने स्पिती: गाडीत झोपणं जमेल का?

रानवाट_पुणे

नमस्कार मंडळी. आमची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, कॅम्पर म्हणूनच बांधून पासिंग झालेली. मागे दोघांचा बेड, बाजूला आईसाठी एक सीट उघडून होणारा बेड, छोटं किचन, गाडीच्या पोटाखाली ८० लिटरची पाण्याची टाकी, लिथियम बॅटरी आणि टपावर सोलर. कोकण, कर्नाटक, राजस्थान सगळं या गाडीत राहून झालंय आणि आता जानेवारीच्या शेवटी स्पितीला जायचं डोक्यात आहे, सिमला-रामपूर-कल्पा-ताबो-काझा असं, कारण मनालीकडून येताना लागणारी कुंझुम खिंड तेव्हा बंदच असते. काझाला रात्री उणे २० आणि त्याच्याही खाली जातं म्हणतात. आपल्याला थंडी म्हणजे वेण्णा लेकला दव गोठलं की पेपरात फोटो येतो तेवढीच माहीत.

तर गाडी आतून गरम कशी ठेवायची, गॅसवरचा हीटर घेऊ की डिझेलचा? पाण्याचं काय करायचं? आणि डिझेल गोठतं ते खरंच होतं का? आई ६६ वर्षांची आहे, तब्येत ठणठणीत आहे पण तिला त्रास व्हायला नको. जे असे राहिलेत त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

सह्यभटका

जमेल. पण आत काहीही पेटवून झोपायचं नाही, हे सगळ्यात आधी. गॅसची शेगडी बारीक करून ठेवणं, कोळशाची शेगडी, ते जाळीवाले गॅस हीटर, काहीच नाही. दर हिवाळ्यात उत्तरेत बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, झोपेत कळायचा प्रश्नच येत नाही, आणि व्हॅन तर खोलीपेक्षा कितीतरी लहान. त्यात काझा साधारण ३,७०० मीटरवर, हवा आपल्या इथल्या दोन तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे ज्वलन आणखी अर्धवट होतं. होमस्टेमध्ये बुखारी (लाकडं जाळायची लोखंडी शेगडी) असते पण तिचं धुराडं छतातून बाहेर काढलेलं असतं, तो प्रकार वेगळा.

त्यामुळे डिझेल हीटरच घ्या. त्याचं ज्वलन बंद डब्यात होतं, हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो आणि आत फक्त गरम वारा येतो. तुमच्या आकाराच्या गाडीला २ किलोवॅटचा चालेल पण गाडी नीट इन्सुलेट केलेली असेल तरच. डिझेल खातो तासाला १०० ते २५० मिली, म्हणजे रात्रभर चालवला तरी दोन लिटरच्या आसपास. चालू होताना प्लग तापवायला आठ-दहा अँपिअर ओढतो, नंतर अगदी किरकोळ.

आता यातली खरी गोम उंचीची. विरळ हवेत पंप तेवढंच डिझेल सोडत राहतो आणि हवा कमी, म्हणून आत काजळी धरते आणि दोन-तीन रात्रींत हीटर धूर ओकून बंद पडतो. उंचीप्रमाणे डिझेल कमी करणारं सेटिंग असलेलाच हीटर घ्या, आणि रोज थोडा वेळ तो फुल स्पीडला पळवा, एकदम मंद ठेवून रात्रभर सोडला की काजळी जास्त धरते. धुराचा पाइप दाराखाली किंवा खिडकीखाली येणार नाही असा फिरवून घ्या आणि रात्रीत बर्फ पडला तर उठून तो पाइप मोकळा आहे ना ते बघा, बर्फाने तोंड बुजलं की धूर गाडीच्या आजूबाजूला कोंडतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशीजवळ लावा, एक नाही दोन. यात पैसे वाचवू नका.

कॅलगरीकर_ताई

इथे कॅनडात आम्ही हिवाळ्यात व्हॅन घेऊन रॉकीजमध्ये जातो, उणे २५ नेहमीचंच. वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत, मी पाणी आणि ओल यावर लिहिते, कारण नवीन माणूस सगळी तयारी उबेची करतो आणि त्रास मात्र ओलीचा होतो.

तीन माणसं बंद गाडीत झोपली की रात्रभरात श्वासातून नि घामातून पाऊण लिटर तरी पाणी हवेत जातं. ते जाऊन बसतं सगळ्यात गार जागी, काचा, दाराचा पत्रा, स्क्रूची डोकी आणि गादीची खालची बाजू. सकाळी काचेवर आतून बर्फ, आणि हीटर लावला की तोच वितळून अंथरुणात. दोन रात्रींत रजया ओल्या होतात आणि ओली रजई उणे २० मध्ये काही कामाची नाही. त्यात गॅसवर स्वयंपाक केला तर एक किलो गॅस जळल्यावर दीड किलोच्या वर वाफ तयार होते, भाताची वाफ वेगळीच. म्हणून टपावरचा पंखा अगदी मंद चालू आणि खालची एक खिडकी बोटभर उघडी, अख्खी रात्र. उघडी खिडकी ठेवून हीटर लावणं वेडेपणा वाटेल, पण कोरडी गार हवा आत येऊन गरम होते तेव्हा ती ओल शोषून बाहेर नेते. गादीखाली फळ्यांची जाळी करून घ्या म्हणजे खालून हवा खेळेल.

काचांना फॉइल लावलेल्या फोमचे तुकडे अगदी मापात कापून घ्या, पुढच्या मोठ्या काचेलासुद्धा, आणि ड्रायव्हरच्या सीटमागे जाड पडदा सोडा. केबिन गरम करायच्या नादी लागू नका, तिथे नुसता पत्रा आणि काच असते, सगळी ऊब तिथूनच पळते.

पाण्याची ती खालची टाकी विसरा. रामपूर सोडायच्या आधी पूर्ण रिकामी करा, पंप आणि नळही, कारण पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं आणि मग पाइप, पंप, नळाचा जोड, जिथे अडकलं असेल ते फुटतं. वितळेपर्यंत कळतही नाही. सिंकच्या वाकड्या पाइपात आम्ही प्रॉपिलीन ग्लायकॉलचं गुलाबी अँटीफ्रीझ ओततो. प्यायचं पाणी दहा-दहा लिटरच्या कॅनमध्ये बेडखाली, आणि वापरातली बाटली रात्री उलटी ठेवायची, बर्फ वरून धरायला लागतो त्यामुळे सकाळी सरळ केली की तोंडाशी पाणी असतं.

आणि गॅसबद्दल महत्त्वाचं. इथले व्हिडिओ बघून कोणी गॅस हीटर आणि गॅस फ्रीज सुचवतील. आमच्याकडे सिलिंडरमध्ये प्रोपेन असतो, तो उणे ४२ पर्यंत वायू होतो. भारतातल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं आणि ब्युटेन शून्याच्या जरा खालीच द्रव होऊन बसतो. सिलिंडर भरलेला आणि शेगडी मात्र फुसफुस, असं होईल. सिलिंडरवर गरम पाणी ओतणं, खाली काही पेटवणं असले प्रकार करू नका. बॅटरी पुरत असेल तर छोटी इंडक्शन न्या, आणि कुकर हवाच, तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजणार नाही.

डिझेल_निफाडकर

आमच्याकडे निफाडला पारा चार-पाचवर आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, तीच आमची मोठी थंडी. पण माझ्या गॅरेजातून दरवर्षी लेह-स्पितीला जाणाऱ्या गाड्या तयार होऊन जातात म्हणून गाडीपुरतं सांगतो.

डिझेल गोठतं म्हणजे दगड होत नाही, त्यातलं मेण वेगळं होतं आणि पहिलं फिल्टर चोक होतं. गाडी सुरू होते, किलोमीटरभर जाते आणि बंद. २०१९ साली इंडियन ऑइलने उणे ३३ पर्यंत न गोठणारं विंटर ग्रेड डिझेल काढलं ते लडाख, काझा, केलाँग असल्या भागांसाठीच. म्हणून इथलं डिझेल टाकीत घेऊन वर चढू नका. टाकी जवळजवळ संपवत रामपूर किंवा रेकाँग पिओला पोचायचं आणि तिथे भरायचं, मग काझाच्या पंपावर विचारून विंटर ग्रेड मिळालं तर परत फुल. टाकी अर्धी ठेवू नका, रिकाम्या जागेत ओल धरते आणि ते पाणी तळाला जाऊन गोठतं. निघायच्या आधी फिल्टर नवीन, त्यातलं पाणी काढलेलं, आणि एक फिल्टर जास्तीचा गाडीत. तुमच्या हीटरला वेगळी टाकी असेल तर तिच्यातही तेच डिझेल भरा, हे बरेच जण विसरतात.

कूलंट. आपल्याकडे उन्हाळ्यात जरा कमी झालं की साधं पाणी टॉपअप करतात, दोन वर्षांत डब्यात कूलंट नावालाच उरतं. पूर्ण काढून निम्मं ग्लायकॉल निम्मं डिस्टिल्ड पाणी भरा, ते उणे ३५ च्या पुढे जातं. मीटरने तपासून घ्या, रंग बघून काही कळत नाही. काच धुवायच्या डब्यातलं पाणीही काढा. गाडीला डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या डब्यात भरायचं द्रव) लागत असेल तर ते उणे ११ ला गोठतं, घाबरू नका, इंजिन चालू झालं की त्याचा हीटर वितळवतो, फक्त डबा काठोकाठ भरू नका.

लिथियम बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नाही, आतून कायमची खराब होते. बॅटरी गाडीच्या बाहेरच्या बॉक्समध्ये असेल तर आत बेडखाली घ्या. सकाळी सोलरवर ऊन आलं आणि बॅटरी गारठलेली असली तर काय होतं याचा विचार करा, चांगल्या बीएमएसला (बॅटरी सांभाळणारं सर्किट) कमी तापमानाचा कटऑफ असतो, तुमच्यात आहे का ते बघून घ्या.

रात्री हँडब्रेक ओढू नका, ओले ब्रेक लायनर गोठून धरून बसतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे. बर्फात घसरू नये म्हणून लावायच्या चेन मागच्या चाकांना, ट्रॅव्हलरला जोर मागच्या चाकांचा असतो. घरी अंगणात दोनदा लावून बघा, तिथे बोटं चालत नाहीत.

रानवाट_पुणे

खूप धन्यवाद सगळ्यांना, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. बॅटरी बाहेरच्या बॉक्समध्येच आहे, ती आत घेतोय. पाण्याची टाकी रिकामी करणार. दोन शंका. एक, ओळखीचा ड्रायव्हर म्हणाला डिझेलमध्ये थोडं केरोसिन टाकायचं, सगळे तेच करतात. दुसरी आईबद्दल, तिला गाडीत झोपवावं का?

डिझेल_निफाडकर

जुन्या इंजिनांना चालायचं ते. बीएस सिक्सच्या कॉमन रेल इंजिनात टाकू नका. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं, केरोसिनने ते कमी होतं, आणि त्यातल्या गंधकाने सायलेन्सरमधले फिल्टर जातात. पंप आणि इंजेक्टरचा खर्च तुमच्या अख्ख्या ट्रिपच्या वर जाईल. टाकीखाली स्टोव्ह पेटवणारेही तिथे दिसतील, त्यांचं बघून तसलं काही करू नका.

सह्यभटका

आईंबद्दल स्पष्ट सांगतो. कल्पापर्यंत गाडीत झोपवा, ते २,९०० च्या वर आहे, तिथे दोन रात्री काढा. पुढे नाको ताबोपेक्षा उंच आहे, म्हणून नाकोला मुक्काम न करता दिवसा पार करून ताबोला उतरा, तेही साधारण ३,२०० च्या वरच पण झोपायला बरं पडतं. काझाला मात्र त्यांच्यासाठी होमस्टे घ्या, तुम्ही दोघं गाडीत झोपा हवं तर. याचं कारण थंडी नाही, उंची आहे. उंचीचा त्रास रात्री वाढतो, डोकं दुखतं, उलटी होते, आणि अंधारात बर्फावर खाली गाडी चालवत न्यायची वेळ येऊ नये. होमस्टेवाले हिवाळ्यात बुखारीच्या खोलीत सगळे एकत्र बसतात, आईंना सोबत मिळेल आणि गावात काय चाललंय तेही कळेल. शिवाय शौचालयाचा प्रश्न सुटतो, तिथे हिवाळ्यात कोरडे संडास वापरतात, नळ बंद असतात. निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा, ब्लडप्रेशरच्या गोळ्या असतील तर नक्कीच.

कॅलगरीकर_ताई

एक राहिलं. डिसेंबरात निफाडला किंवा महाबळेश्वरला तिघं एक रात्र गाडीत झोपून बघा, हीटर लावून. पाच-सहा अंशांनाही ओल कुठे कुठे धरते ते सकाळी स्पष्ट दिसतं, हात फिरवून बघा, बेडखालीसुद्धा. तिथे ओलं लागलं की तेवढ्या जागी फोम वाढवायला तुमच्याकडे अजून महिना असेल.

रानवाट_पुणे

निफाडच ठरलं, गॅरेजलाही येतो तेव्हाच. हीटर बसवून घेतला की पाइप कुठून काढलाय त्याचे फोटो इथे टाकतो, बघून सांगा.