'मेन्सा' आडनावाची माणसं एकाच घराण्यातली का?

प्रश्न (वंशावळ): घानातल्या मेन्सा मंडळींचा तक्ता करतेय. वकील जॉन मेन्सा सारबा (१८६४–१९१०), हायलाइफ संगीतवाले ई. टी. मेन्सा, न्यायाधीश थॉमस मेन्सा, फुटबॉलपटू जॉन मेन्सा. यांचं आपसातलं नातं कुठे सापडेल? आणि सारबांचं 'मेन्सा' म्हणजे वडिलांचं नावच ना?

दप्तरी: नातं शोधायच्या फंदात पडू नका. घानातल्या अकान लोकांत लागोपाठ तिसरा मुलगा झाला की तो मेन्सा, चौथा अनान. म्हणजे हे नाव गावोगावच्या घरांत असणारच. इंग्रजी अमलात ते आडनाव म्हणून पुढच्या पिढ्यांना चिकटलं, मग लेकीही मेन्सा झाल्या. शेजारच्या गा आणि एवे लोकांतही ते चालतं, ई. टी. अक्राचे, गा समाजाचे.

सारबांच्या वडिलांचं नाव जॉन सारबा, केप कोस्टचे व्यापारी. मधलं नाव वडिलांचं ही आपली सवय इथे हमखास गोता देते. मेन्सा सारबांची नोंद 'स'खाली करा.

कोफी_नव्हे_कॉफी: रकाने असे पाडा: वाराचं नाव, क्रमाचं नाव, आडनाव, आईचं कूळ, मूळ गाव. कोफी अनान घ्या. जन्म ८ एप्रिल १९३८, शुक्रवार, म्हणून कोफी. जुळे, म्हणून मधलं नाव 'आत्ता'. अनान मात्र वडिलांचं आडनाव, त्यावरून त्यांना चौथा मुलगा ठरवू नका.

कुळाचा रकाना गाळलात तर तक्ता फुकट. अकान लोकांत अबुसुआ, म्हणजे कूळ, आईकडून येतं. बाप-लेकाचं आडनाव एक असलं तरी कूळ बहुधा वेगळं. मामा-भाच्याचं आडनाव वेगळं पण कूळ एकच. कुमासीच्या, म्हणजे अशांती राजाच्या, गादीवर ओयोको कुळातलाच बसतो, तोही आईच्या बाजूने. शोधताना 'मेन्सा'ची शेवटी 'एच' असलेलं आणि नसलेलं (Mensah, Mensa), दोन्ही इंग्रजी स्पेलिंगं टाका.

वंशावळ: थॉमस मेन्सांची माहिती जुळत नाहीये. मध्येच फायबर ऑप्टिक्स येतं!

दप्तरी: दोन माणसं आहेत, दोघंही घानाचेच. थॉमस ए. (१९३२–२०२०) हे हॅम्बुर्गच्या समुद्र कायदा न्यायाधिकरणाचे पहिले अध्यक्ष, १९९६ ते १९९९. थॉमस ओ. (१९५०–२०२४) हे अमेरिकेत काम केलेले अभियंते, फायबर ऑप्टिक्सवाले ते हेच. मधलं अक्षर न लिहिता नोंद करूच नका. 'जॉन मेन्सा'पुढेही जन्मसाल टाका, फुटबॉलवाला १९८२चा.