मदत हवी आहे: एडिसनची माहिती, लहान मुलांसाठी (अर्जंट)

घाईतली_आई: थॉमस एडिसनची लहान मुलाला झेपेल अशी माहिती द्या कोणीतरी. नेटवर पानंच्या पानं आहेत, वाचायला वेळ नाही. उद्या सकाळी ७ची शाळा आहे. प्लीज लवकर.

निवृत्त_मास्तर: कितवीत आहे? निबंध, तक्ता की भाषण? तोवर हे घ्या. जन्म ११ फेब्रुवारी १८४७, मिलान, ओहायो. बाराव्या वर्षी रेल्वेत पेपर आणि गोळ्या-चॉकलेटं विकायचा. १८७६ला मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ला फोनोग्राफ (आवाज साठवून परत ऐकवणारं यंत्र), १८७९ला विजेचा दिवा, १८८२ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र. अमेरिकेत १०९३ पेटंटं. निधन १८ ऑक्टोबर १९३१.

गोड_सकाळ: ती चिठ्ठीची गोष्ट घ्याच! शाळेने लिहिलेलं असतं 'मुलगा मंद आहे' आणि आई वाचून दाखवते 'इतका हुशार की आमच्याकडे शिकवायला कोणी नाही'. मला दरवेळी रडू येतं.

शंकासुर: ती चिठ्ठी व्हॉट्सॅपवरची. शाळेतले मास्तर 'याच्या डोक्यात घोळ आहे' म्हणाले ते एडिसनने स्वतःच ऐकलं होतं. घरी येऊन सांगितलं, तशी आई नॅन्सी तणतणत शाळेत गेली आणि त्याला घरीच शिकवायला लागली. लपवाछपवी कसली? मला तर ही भांडकुदळ आई जास्त आवडते.

गोड_सकाळ: भावना बघा हो. खरं-खोटं काय करायचंय मुलांना?

उलटा_प्रवाह: मुळात एडिसनच का? निकोला टेस्ला हा संशोधक १८८४ला त्याच्याकडे नोकरीला लागला आणि वर्षभरात सोडून गेला. आज घरात येते ती टेस्लाच्या पसंतीची एसी (दिशा सतत बदलणारी) वीज, एडिसन डीसीला (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला) चिकटून बसला होता. दिवाही एकट्याचा नाही, इंग्लंडात जोसेफ स्वान तेच करत होता.

निवृत्त_मास्तर: अहो, इयत्ता कळल्याशिवाय एसी-डीसी कुठे काढता?

गिरगावकर: आपले शंकर आबाजी भिसे कोणाला आठवत नाहीत! १८६७ला मुंबईत जन्म, छपाईचे खिळे (धातूची अक्षरं) ओतणारं यंत्र त्यांचं, १९३५ला न्यूयॉर्कला वारले. मराठी मुलाने त्यांच्यावर बोलावं.

घाईतली_आई: नाव बाईंनी दिलंय, बदलता येत नाही. आणि निबंध कोण म्हणालं? वेशभूषा आहे. दुसरीत आहे तो. दोन मिनिटं बोलायचं, हातात वस्तू हवी. बल्ब आणून ठेवलाय.

निवृत्त_मास्तर: हे आधी सांगायचं ना!

डबा_बाटली: दुसरीतल्या पोराच्या हातात काचेचा बल्ब नको. फोनोग्राफ करा. वेफर्सचा पुठ्ठ्याचा गोल डबा आडवा धरा, त्यावर पोळ्यांची फॉइल गुंडाळा. आरपार काठी घाला, एका टोकाला वाकवलेली तार हँडल म्हणून. समोर कागदी कप, त्याच्या तळाला टूथपिक. खऱ्या यंत्रात पितळी नळकांड्यावर कथलाचा पातळ पत्रा होता. बोललं की यंत्रातला पातळ पडदा थरथरायचा आणि त्याला लावलेली सुई पत्र्यावर खळगे पाडायची. मग सुई परत सुरुवातीला आणून हँडल फिरवायचं. आता तेच खळगे सुईला हलवणार, सुई पडद्याला, की आवाज परत!
बोलायला हे द्या: "मी एडिसन. मला नीट ऐकू येत नाही, तरी आवाज पकडणारं यंत्र मीच केलं! ऐकायला मी यंत्राच्या लाकडात दात रोवायचो, मग आवाज हाडांतून यायचा. मी आधी तारमास्तर होतो, टिंब-रेघांच्या खुणांनी तारा पाठवायचो, म्हणून माझ्या दोन मुलांची लाडाची नावं डॉट (टिंब) आणि डॅश (रेघ)."

शंकासुर: हे झकास. फक्त 'रेल्वेतल्या माणसाने कानफटात मारली म्हणून बहिरा झाला' हे घुसडू नका. बहिरेपणाचं कारण एडिसन स्वतःच वेगवेगळं सांगायचा.

मीटर_रीडर: बल्बचा विषय निघालाच आहे तर, आमच्या जिन्यातला एलईडी बटण बंद केलं तरी मिणमिणतो. काय करावं?

उलटा_प्रवाह: बटणाला इंडिकेटर असेल. ते बदला.

गिरगावकर: भिसेंबद्दल निदान एक वाक्य घाला.

घाईतली_आई: नाही घालत. डबा आहे, फॉइल आहे. केसांना पावडर लावून पांढरे करू का? आणि मिशी?

शंकासुर: फोनोग्राफ केला तेव्हा तो ३० वर्षांचा होता, पावडर कशाला? मिशी तर नकोच, गुळगुळीत दाढी करायचा तो.

गोड_सकाळ: लावा हो पावडर, स्टेजवर छान दिसेल. फोटो नक्की टाका.