डोळा सारखा लाल होतोय आणि डॉक्टरांनी सांध्यांच्या तपासण्या लिहून दिल्यात, का?

पाऊलवाट:
ताईचा डावा डोळा गेले काही महिने अधूनमधून लालभडक होतोय. आधी डोळे आलेत म्हणून अँटिबायोटिक ड्रॉप्स दिले, फरक शून्य. चिकटा नाही, खाज नाही, पण दुखतं भयंकर, रात्री झोपेतून जाग येते आणि कळ पार कानशिलात, जबड्यात जाते. आता दुसऱ्या डॉक्टरांनी स्क्लेरायटिस सांगितलंय आणि आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, एएनसीए, छातीचा एक्स-रे, वर लघवीची तपासणी, शिवाय ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. दुखतोय डोळा, मग लघवी कशाला तपासायची? ताई म्हणते उगाच खर्च.

काजवा:
अजिबात उगाच नाही, करून घ्या. स्क्लेरा म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग, तिथे खोलवर सूज आली की बऱ्याचदा मूळ दुखणं डोळ्याबाहेर असतं, सगळ्यात जास्त वेळा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते तो आजार. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या त्यासाठीच. एएनसीए लिहिलंय ते व्हॅस्क्युलायटिससाठी, त्यात बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते, डोळ्यातल्या तशाच फुप्फुसातल्या आणि किडनीतल्या. डोळा दुखतो म्हणून कळतं तरी, किडनी दुखत नाही, तिचं बिघडलेलं आधी लघवीतच दिसतं, प्रोटीन किंवा रक्तपेशी. म्हणून ती साधी तपासणी मला यादीत सगळ्यात महत्त्वाची वाटते. डॉक्टरांनी एक ड्रॉप घालून थोड्या वेळाने परत डोळा पाहिला होता का? त्या फिनाइलएफ्रिनच्या ड्रॉपने वरवरच्या शिरा आकसतात आणि लाली उतरते, खोलवरची तशीच राहते. उजेडात नीट बघा, लालीत जांभळट झाक असेल.

उंबरठा:
माझं थोडं वेगळं, युव्हायटिस, डोळ्याच्या आतली सूज. उजेड सहन व्हायचा नाही, धूसर दिसायचं, एकदा हा डोळा एकदा तो. डोळ्यांच्या डॉक्टरांनीच विचारलं सकाळी कंबर आखडते का आणि चाललं की मोकळी होते का, मी चाटच पडले, कारण हे मी कधी कोणाला बोललेच नव्हते. एचएलए-बी२७ या जीनची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, मग एमआरआयमध्ये अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना सूज येण्याचा आजार. नुसतं ते जीन असलं म्हणजे आजार असतोच असं नाही हां, खूप जणांना काहीच होत नाही. ताईंना सांध्यांचं काही आहे का?

पाऊलवाट:
हो ना, सकाळी बोटं आखडलेली असतात, तासभर तरी मूठ वळत नाही, आम्ही कामाचा ताण समजत होतो. घरात जुने स्टिरॉइड ड्रॉप्स आहेत, अपॉइंटमेंटपर्यंत घातले तर?

काजवा:
नको, प्लीज. आत हर्पिससारखं इन्फेक्शन असेल तर स्टिरॉइडने भडकतं, डोळ्याचं प्रेशरही वाढू शकतं आणि ते वाढलेलं आपल्याला जाणवत नाही. शिवाय स्क्लेरायटिसला नुसते ड्रॉप्स बहुतेक वेळा पुरत नाहीत, पोटातून औषध लागतं. एक्स-रे पण त्यासाठीच, टीबी दडलेला असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू करण्याआधी तो कळायला हवा, आणि टीबीने सुद्धा डोळा असा होऊ शकतो. बोटांचं आखडणं कधीपासून, किती वेळ, हे लिहून ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे न्या. दरम्यान नजर कमी वाटली, बुबुळाच्या कडेला पांढरट खळगा दिसला किंवा पांढऱ्या भागात निळसर डाग दिसायला लागला तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. दुखत नसलं तरी.