मदत हवी आहे: ट्रॅकवर ब्रेक पेडल खाली बसतंय

गाडी दहा वर्षं जुनी टर्बो हॅचबॅक, चारही चाकांना डिस्क. मी साताऱ्यात. गेल्या महिन्यात कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर चालवली. चौथ्या लॅपला पेडल स्पंजासारखं, पाचव्याला जवळजवळ फ्लोअरला टेकलं. अर्धा तास उभी केल्यावर पुन्हा कडक! म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं, असा माझा अंदाज.

घरी येऊन चारही चाकांचं ब्लीडिंग केलं (जुनं ऑइल आणि हवा काढून टाकली). जुनं ऑइल कोऱ्या चहासारखं निघालं, शेवटचं कधी बदललं देव जाणे. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा दर्जा) भरलंय. गळती नाही. पुढचे पॅड ५ मिमी शिल्लक, कडा पांढुरक्या. डिस्क सरळ, पण निळसर झाक आलीय. होज (ब्रेक ऑइलचे लवचिक पाइप) कंपनीचे रबरीच. मेकॅनिक म्हणतो डॉट ५ टाका. ते सिलिकॉनचं, त्यामुळे नको.

नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, डॉट ५.१ चा (हे सिलिकॉनचं नाही) २६०. एवढ्या फरकावर पंधरा मिनिटांचं सेशन निघेल, की पॅडही बदलावेच लागतील? याच गाडीने रोज कामावर जातो, त्यामुळे निव्वळ रेसचे पॅड नकोत. बजेट पंधरा हजार. हिवाळ्यात सकाळी यवतेश्वर घाट उतरताना पहिल्याच वळणाला धरतील आणि ट्रॅकवरही टिकतील, असे पॅड कोणी वापरलेत का?